एकाआड एक सकाळ

"माझे सासरे एकाआड एक सकाळी झिंगल्यासारखे उठतात," ती म्हणाली. "आणि घरच्यांना वाटतंय, मी त्यांना दुधातून झोपेचं औषध देते."

"किती वाजता?" घड्याळबाईंनी विचारलं.

"काय किती वाजता?"

"दूध."

विमा कंपनीत तीस वर्षं लोकांचे दावे तपासताना त्यांनी हा एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला होता की त्यांचं खरं नाव मागे पडून घड्याळबाई हेच उरलं. स्वतःच्या मनगटावर मात्र त्यांनी कधी घड्याळ बांधलं नाही. निवृत्त झाल्यावर लोक आपणहून आपली कोडी घेऊन त्यांच्या दारात येऊ लागले, आणि त्यांनाही घरी बसवेना.

"साडेनऊला दूध. दहाला ते खोलीत जातात," ती म्हणाली.

ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. बोलणं नेटकं होतं, पण मांडीवरच्या पिशवीचा बंद तिने पिळून पिळून दोरीसारखा केला होता.

"पहिल्यापासून सांग. घाई करू नकोस."

आठ महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांची झोप उडाली. सगळे त्यांना आप्पा म्हणत. जुने नकाशे आणि चित्रं दुरुस्त करण्याचं त्यांचं काम, घराखालीच कार्यशाळा. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. एका बाजूने पांढरी, दुसऱ्या बाजूने गुलाबी. रात्री एक, अख्खी गिळायची.

"लागू पडली?"

"छान. दहाला झोपायचे ते सहापर्यंत. पण गेल्या महिन्याच्या एकतीस तारखेला जेवताना त्यांनी जाहीर केलं, आजपासून गोळ्या बंद, बाटली फेकून दिली. मी म्हटलं, आप्पा, अशी एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारू. तर म्हणाले, मी गोळीचा गुलाम नाही."

"आणि मग हे सुरू झालं."

"हो. मी एक दिवसाआड संध्याकाळी दुकानात असते. त्या दिवशी आत्या, म्हणजे आप्पांची बहीण, दूध देतात. मी घरी असले की मी देते. आणि माझ्या दुधानंतरचीच सकाळ वाईट जाते." तिने श्वास घेतला. "बारा तारखेच्या सकाळी आप्पांच्या हातातलं पातं सुटलं आणि ग्रंथालयाचा नकाशा बोटभर कापला गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आत्यांनी माझ्या मालकांना पत्र लिहून ठेवलंय. आज पाच वाजता टाकणार. ते पोचलं तर नोकरी जाईलच, पण चौकशी होऊन माझा परवानाही जाईल. आणि नवरा म्हणतो, थोडे दिवस माहेरी जा, सगळं शांत होईल."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. "पण मुली, हे तर अगदी स्पष्टच दिसतंय. तूच—"

"मास्तर," घड्याळबाई म्हणाल्या.

मास्तर म्हणजे शेजारचे निवृत्त चित्रकला शिक्षक. 'मला मेली झोपच लागत नाही' असं ते दिवसातून तीनदा सांगत आणि रोज दुपारी याच खुर्चीत घोरत.

"तूच ते करत नसणार, असं म्हणायचं होतं मला," मास्तर पुटपुटले.

---

आधी घड्याळबाई मास्तरांना घेऊन तिच्या औषधाच्या दुकानात गेल्या. आत थंडगार होतं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास भरला होता. भिंतीवर महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता टांगला होता. दोन तारखेपासून सम तारखांच्या संध्याकाळी सुनेचं नाव, विषम तारखांना तिच्या सहकारी बाईंचं. फक्त नऊ तारखेच्या चौकोनात दोघींची नावं होती.

"हे काय?"

"स्टॉक मोजायचा होता," सहकारी बाई म्हणाल्या. "दोघीही रात्री साडेदहापर्यंत होतो. आठला ही, नऊला आम्ही दोघी, दहाला परत ही. बिचारी सलग तीन संध्याकाळी उभी होती."

घड्याळबाईंनी त्या दोनरंगी गोळीच्या खोक्यातलं माहितीपत्रक मागून घेतलं. 'फोडू, चावू किंवा कापू नये' या ओळीपासून पुढचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मास्तरांनी खोकल्याच्या गोळ्या विकत घेतल्या, नुसतं रिकाम्या हाती निघणं बरं दिसत नाही म्हणून.

---

आत्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. बोलायला त्यांना आग्रह करावा लागला नाही.

"माझा भाऊ आहे तो. त्याच्या जिवाशी खेळ चाललाय आणि मी गप्प बसू? हे बघा कॅलेंडर. वाईट सकाळ उजाडली की मी फुली मारते. दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा, चौदा, सोळा. एक चुकलेली नाही. आता हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"आज सतरा. आजची सकाळ?"

"आज ठणठणीत. काल दूध मी दिलं होतं ना!"

"वाईट सकाळी ते नक्की कसे असतात?"

"सातला हलवून उठवावं लागतं. डोळे उघडे, पण माणूस घरात नाही. तोंड धुवायला गेला की तिथेच उभा."

"म्हणजे खाली कामावर जाऊन चहा घ्यायच्या आधीच."

"तर! खालचा मदतनीस चहा देतो, तो आठला."

"आणि त्याच्या आदल्या रात्री?"

आत्यांनी देठ मोडला. "तेच तर नवल. तिच्या दुधाच्या रात्री दादाच्या खोलीत एक-एक वाजेपर्यंत दिवा असतो. कूस बदलत असतो. माझ्या दुधाच्या रात्री मात्र डोकं टेकलं की घोरतो. तीनला उठून खोकत बसतो, ते सोडा. पण सकाळी ताजा असतो."

"नवल खरंच," घड्याळबाई म्हणाल्या. "झोपेचं औषध दिलेला माणूस एक वाजेपर्यंत जागतो."

आत्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्या जोरात म्हणाल्या, "औषधातलं मला काय कळतं? तिला कळतं."

"आणि ती गोळ्यांची बाटली? ती फेकताना कुणी पाहिली?"

"दादाने सांगितलं फेकली म्हणून. तो कशाला खोटं बोलेल?"

आप्पांचा मुलगा तेवढ्यात बाहेरून आला. गोरागोमटा, दमलेला, दोन्ही बाजूंनी ओढला गेलेला माणूस. यंत्रांच्या दुरुस्तीसाठी तो गावोगाव फिरत असे. तीन तारखेपासून नऊच्या रात्रीपर्यंत तो घरी नव्हताच.

"मला कुणावर संशय घ्यायचा नाही हो," तो म्हणाला. "इकडे आत्या, तिकडे बायको. माझे दात आणि माझेच ओठ. आप्पांनी आता काम थांबवावं, एवढंच माझं म्हणणं. वय झालं."

"बायको माहेरी गेली की शांत होईल, असं वाटतं?"

"काहीतरी करायला नको का?"

"करायला हवं," घड्याळबाई म्हणाल्या. "तिच्यावर विश्वास ठेवता का, हे एकदा तिला सांगायला हवं. एक मिनिटही लागत नाही त्याला."

तो खाली मान घालून बूट काढत राहिला.

---

कार्यशाळेत खिडकीखाली लांबलचक टेबल होतं. त्यावर बंदराचा तो जुना नकाशा पसरलेला, तपकिरी किनारा आणि फिकट निळं पाणी. निळ्या पाण्यात बोटभर चीर.

आप्पा उंच, वाळके, पांढऱ्या भुवयांचे. त्यांचा मदतनीस पन्नाशीचा होता. बोटांना कायम खळ लागलेली असे म्हणून त्याला डिंकोबा म्हणत. वीस वर्षं तो इथेच होता.

"एक दिवस आप्पा जांभया देतात, पण हात दगडासारखा स्थिर," डिंकोबाने दारातच कुजबुजून सांगितलं. "दुसऱ्या दिवशी हातात पातं धरून बसतात आणि बघतच राहतात. मी पातं काढून घ्यायचो. बारा तारखेला मी खळ शिजवत होतो. पाठ वळली आणि..."

आप्पांनी पाहुण्यांना बसवलं. चहा आला, बशीत क्रीमची बिस्किटं आली.

"हा नकाशा कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी पुठ्ठ्यावर चिकटवला," आप्पा सांगू लागले, आणि कामाचं बोलताना त्यांचा आवाज तरुण झाला. "तो पुठ्ठा थराथराने काढायचा. ज्याला थर आहे त्याला आडवं कापायचं नाही. आडवं कापणं हे खाटकाचं काम. थर सापडला की वस्तू आपणहून सुटते."

बोलता बोलता त्यांनी एक बिस्कीट उचललं. बोटभर लांबीचं पातळ पातं कडेला टेकवलं, जरा फिरवलं, आणि बिस्किटाच्या दोन चकत्या सुटल्या. क्रीम सगळं एकीलाच राहिलं. कोरडी चकती त्यांनी चहात बुडवून खाल्ली. क्रीमची बशीत पालथी ठेवली.

"ती?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी तोवर दोन बिस्किटं अख्खी संपवली होती.

"ती नंतरच्या चहाला. लहानपणापासूनची खोड. साधं आधी, रंगीत नंतर. आमची ही हसायची मला." आप्पा थांबले. "म्हणजे, बायको."

घड्याळबाई टेबलाच्या कडेला वाकल्या होत्या. तिथे तळहाताएवढी काचेची पाटी होती. तिच्या एका कोपऱ्यात गुलाबी भुकटीची पुसट रेघ.

"या कामात गुलाबी रंग लागतो?"

"नाही बुवा," डिंकोबा म्हणाला. "महिनाभर हा एकच नकाशा आहे. तपकिरी आणि निळा."

"जुना काहीतरी असेल," आप्पा चटकन म्हणाले आणि बाहीने काच पुसली.

"आप्पा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? दुधात काही असतं?"

आप्पांनी चिरेकडे पाहिलं. "सून गुणी आहे. पण मीही खूप विचार केला. रोज जे घडतं त्याने एकाआड एक दिवस त्रास होणार नाही. एकाआड एक दिवस बदलणारी गोष्ट या घरात एकच आहे. दूध देणारा हात."

"रोज जे घडतं, ते काय?"

"काही नाही. जेवण, झोपणं. नेहमीचंच."

---

साडेचार वाजता घड्याळबाईंनी सगळ्यांना कार्यशाळेत बोलावलं. आत्या पत्राचं पाकीट घेऊनच आल्या आणि टेबलावरच्या शिशाच्या वजनाखाली त्यांनी ते ठेवलं. सून दाराशी उभी राहिली. मास्तर दुपारची डुलकी काढून आले होते; 'डोळ्याला डोळा लागला नाही' असं म्हणून बसले.

"दोन गोष्टी आधी सांगते," घड्याळबाई म्हणाल्या. "नऊ तारखेच्या संध्याकाळी सून दुकानात होती. साडेदहापर्यंत. दूध कुणी दिलं?"

आत्यांच्या कपाळावर आठी आली. "नऊला... हो, मीच. ती मोजणी का काय होती."

"आणि दहाच्या सकाळी तुमचीच फुली आहे."

आत्या कॅलेंडर आठवत असाव्यात.

"म्हणजे आत्याबाईंनी—" मास्तर सरसावले.

"नाही, मास्तर. त्यांना सुनेवर आळ घालायचा असता तर त्या रात्री त्यांनी हात आखडता घेतला असता. चिरंजीव तीन ते नऊ गावाला होते, तरी चार, सहा, आठला फुल्या आहेत. डिंकोबांचा चहा आठला, आणि आप्पा सातलाच झिंगलेले. घरातलं कुणीच उरत नाही. दुधाची पाळी आणि वाईट सकाळ यांचा संबंध कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढाच. पण फांदी का तुटली, हे उरतंच."

मास्तरांनी बोटांवर माणसं मोजली. एक बोट उरलं, ते त्यांनी गोंधळून स्वतःकडेच रोखलं.

"दुसरी गोष्ट रात्रींची. फुलीच्या आदल्या रात्री आप्पा एकपर्यंत जागे. दुसऱ्या रात्री डोकं टेकताच झोपतात, पण तीनला उठून बसतात. एका रात्री झोप लागत नाही, दुसऱ्या रात्री टिकत नाही. आणि अख्खी गोळी घ्यायचे तेव्हा? दहाला लागायची, सहापर्यंत टिकायची."

दाराशी सुनेने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगायला लागलं होतं. "पांढरी बाजू," ती हळूच म्हणाली.

"तूच सांग. तुझं शास्त्र आहे."

"त्या गोळीत दोन थर असतात. पांढरा पोटात गेला की लगेच विरघळतो. तो झोप लावतो. गुलाबी सावकाश, रात्रभर विरघळत राहतो. तो झोप टिकवतो. म्हणून तर अख्खी गिळायची. पण ती कुणी मोडली तरी मधोमध मोडेल, दोन्ही तुकड्यांत दोन्ही थर येतील. अर्धं-अर्धंच होईल सगळं. असं एकाआड एक—"

"तू मोडलीस तर मधोमध मोडेल," घड्याळबाई म्हणाल्या. "मी मोडली तरी. मास्तरांनी मोडली तर चुरा होईल. पण चाळीस वर्षं ज्याने थराला आडवं पातं लावलं नाही, त्या माणसाने गोळी निम्मी करायची ठरवली तर?"

त्यांनी बशीतली क्रीमची चकती उचलून टेबलावर ठेवली.

"साधं आधी, रंगीत नंतर. पहिल्या रात्री पांढरी चकती. लगेच झोप, तीनला जाग, सकाळी डोकं साफ. दुसऱ्या रात्री गुलाबी. एकपर्यंत तळमळ, उशिरा लागलेली झोप, आणि सात वाजता झोप अपुरी, त्यात अंगात गोळीचा अंमल अजून उरलेला. एका रात्रीच्या दोन रात्री झाल्या. एकीला नुसती सुरुवात मिळाली, दुसरीला नुसता शेवट. एकतीसला बाटली फेकली, असं आप्पा म्हणाले. फेकताना कुणी पाहिली नाही. त्याच रात्री पांढरी. एक तारखेला गुलाबी. दोन तारखेला पहिली फुली."

आप्पांचे दोन्ही हात टेबलावर होते. ते तसेच राहिले.

"मी कुणाचं कपाट उघडत नाही," घड्याळबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "पण एवढं सांगते. आजची सकाळ चांगली गेली. म्हणजे काल पांढरी झाली. आप्पांच्या हाताशी कुठेतरी डबी आहे, आणि तिच्यात आज एक गुलाबी चकती पालथी ठेवलेली आहे. नसेल तर मी चुकले, आत्यांनी पत्र खुशाल टाकावं."

टेबलाच्या खणाला कुरकुर होती. आप्पांनी तो सावकाश ओढला. पातं ठेवायच्या कापडामागून त्यांनी पत्र्याची एक छोटी डबी काढली आणि झाकण उघडून ती खिडकीच्या उजेडात ठेवली. मास्तर खुर्चीवरून अर्धे उठून पाहू लागले.

कापसावर एक चकती होती, नखाएवढी, दोन्ही बाजूंनी गुलाबी आणि अगदी सफाईने सुटलेली. शेजारी उरलेल्या अख्ख्या गोळ्या होत्या.

"माझी बायको वीस वर्षं झोपेची गोळी घ्यायची," आप्पा म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "मी तिला गोळीची गुलाम म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो. ती हसून घालवायची. ती गेल्यावर मला कळलं, रात्र केवढी असते ते. मग मीच घ्यायला लागलो. कुठल्या तोंडाने घ्यायची? म्हणून जाहीर केलं की बंद, आणि चोरून निम्मी घेत राहिलो. हळूहळू सोडीन म्हटलं."

"आणि दुधावर संशय?"

"खरंच आला होता हो. निम्मी तर रोजच घेत होतो मी! रोजच्या गोष्टीने एक दिवसाआड कसं होईल? ते दोन निम्मे वेगळे असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "पण गोळीचं सांगायला हवं होतं. हिच्यावर आळ आला त्या दिवशीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाचवली माझी, हिच्या जिवावर."

मुलगा बायकोजवळ गेला. "मी तुला माहेरी जा म्हणालो," तो म्हणाला.

"हो, म्हणालास," ती म्हणाली. "त्याचं आपण नंतर बोलू. बरंच बोलायचं आहे." तिने त्याला दूर केलं नाही, जवळही घेतलं नाही. ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"आप्पा, गोळी कमी करायची असेल तर करता येते. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. त्या वेगळी देतील, कमी करत करत नेतील. लाजायचं काय त्यात? मी दिवसभर तेच विकते. रांगेत सगळे असतात, तुमच्यासारखे."

आप्पांनी मान हलवली. मग त्यांनी शिशाचं वजन बाजूला केलं आणि आत्यांचं पाकीट उचललं. क्षणभर कडेवरून बोट फिरवून पाहिलं, सवयीने. आणि आयुष्यात पहिल्यांदा, जाणूनबुजून, त्यांनी कागद आडवा फाडला. दोनदा फाडला. डिंकोबाने डोळे मिटून घेतले.

"दादा, माझं पत्र होतं ते," आत्या म्हणाल्या. पण त्यात जोर नव्हता.

"चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती," आप्पा म्हणाले. "चोर मी. काय लिहायचं ते माझ्याबद्दल लिही." मग ते सुनेकडे वळले. "आज दूध तू देशील ना?"

"देईन," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "पण ती डबी आधी माझ्याकडे द्या."

आप्पांनी डबी तिच्या तळहातावर ठेवली.

आत्या पदराने टेबलाची कड पुसत उभ्या होत्या. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. जिन्याकडे जाताना त्या दारात थांबल्या. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

"साडेनऊला ना?" त्या म्हणाल्या. "माझाही एक कप कर."